मारुती, काळी माती आणि काटकसर

परभणी जिल्ह्यात कुणाला पहिली चारचाकी घ्यायची झाली की विचारायच्या आधीच सल्ला मिळतो, "मारुती घ्या, डोक्याला ताप नाही." सेलूचा अडत्या हेच सांगतो, जिंतूरचे गुरुजी हेच सांगतात आणि गंगाखेडच्या बसस्टँडजवळ टॅक्सी लावणारा ड्रायव्हरही हेच सांगतो. एमएच-२२ पासिंगच्या पांढऱ्या छोट्या गाड्यांवर नजर टाकली तर हा सल्ला किती जणांनी ऐकला तेही दिसतं.

माझं माहेर पूर्णा, सासर सेलू आणि नोकरी मानवत तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्या घरी आधी सासऱ्यांची मारुती ८०० होती, मग आमची वॅगनआर आली आणि आता मुलाची डिझायर आहे. तिन्ही गाड्या मूळच्या जपानी सुझुकीच्या घराण्यातल्या. कापूस, सोयाबीन आणि पगार यांवर चालणाऱ्या घरात गाडी ही हौसेची वस्तू राहत नाही. दवाखाना, लग्नकार्य, बाजार, शाळा आणि शेत, सगळं तिच्यावरच असतं. म्हणून तिच्याबद्दल जे कळलं ते दहा बोलांत क्रमाने मांडते आहे. या सगळ्या बोलांमधून एकच सूत्र जातं, ते म्हणजे काटकसर. ती कुठं करावी आणि कुठं बिलकूल करू नये, हे या गाड्यांनी आम्हाला दाखवलं.

१. गाडी बघण्याआधी मिस्त्री बघा

शोरूममध्ये सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात. परीक्षा होते ती अंधार पडल्यावर, पाथरीच्या अलीकडे गाडी बंद पडली तर. त्या वेळी एकच गोष्ट कामाला येते. जवळच्या गावात तिचं बॉनेट उघडून हात घालणारा माणूस आहे का, आणि त्याच्याकडे सामान आहे का.

मानवत रोडजवळ आमच्या ८००ची क्लचवायर तुटली होती. पेडल एकदम खाली गेलं आणि गिअर पडेना. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधल्या पोराने गाडीखाली डोकं घातलं, भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या वायरींपैकी एक काढली आणि आमचा चहा होईपर्यंत बसवूनही दिली. कुठे फोन करावा लागला नाही, सामान यायची वाट बघावी लागली नाही.

यामागे कारण आहे. ८००चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन थोड्याफार फरकाने तीस वर्षं चाललं. ओम्नीत तेच घराणं, पुढे अल्टोतही तेच. एका गाडीवर हात बसला की मिस्त्री तिन्ही गाड्या उघडू शकत होता. तालुक्याच्या गॅरेजांमध्ये कित्येक पोरं याच इंजिनावर शिकली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असावंच, पण तिथपर्यंत गाडी पोचवायला आधी गावातला मिस्त्री लागतो. गाडी घेताना आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला विचारा, "ही तुमच्या हातात बसेल का?" त्याच्या उत्तराला माहितीपत्रकाइतकंच वजन द्या.

२. कंपनीचं घराणं विचारा

सोयरीक जुळवताना आपण घराणं बघतो. गाडी घेतानाही बघावं, कारण कंपनीच्या सवयी जुन्या असतात आणि त्या गाडीत उतरतात.

सुझुकीचं घराणं आपल्यासारखंच कापसातलं आहे. मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८८७चा, जपानमधल्या हामामात्सु परिसरातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. कोवळ्या वयात त्यांनी सुताराकडे उमेदवारी केली आणि १९०९ साली हातमाग-यंत्रमाग बनवणारा कारखाना काढला. माग वर्षानुवर्षं टिकतो. एकदा घेतला की गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. म्हणून मिचिओ दुसऱ्या मालाच्या शोधात राहिले आणि १९३७च्या सुमारास छोट्या मोटारीचे प्रयोग सुरू केले. युद्धाने ते थांबले. युद्धानंतर कारखाना पुन्हा मागांकडे वळला, पण १९५१ मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि मागांची मागणी आटली.

कापसाचा भाव पडला की घरात काय होतं हे मानवत-सेलूच्या माणसाला सांगायला नको. सुझुकीने १९५२ मध्ये सायकलला बसवायचं ३६ सीसीचं छोटं इंजिन बाजारात आणलं. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटार आली आणि १९५५ मध्ये ३६० सीसीची सुझुलाइट ही चिमुकली मोटार आली. युद्धाने खंगलेल्या देशात लोकांना परवडेल एवढंच इंजिन आणि लागेल एवढाच पत्रा, हा धडा तिथला आहे. तो कंपनीने पुढे कधी सोडला नाही.

जपानच्या कापडधंद्याचं आपल्याशीही जुनं नातं आहे. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे मार्ग सुरू केला, तो मुख्यतः हिंदुस्थानी कापूस नेण्यासाठी. जमशेदजी टाटांचा त्यात पुढाकार होता. आधी आपला कापूस त्यांच्या गिरण्यांकडे गेला आणि नव्वद वर्षांनी त्यांच्या मागवाल्याची मोटार आपल्याकडे आली. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा इतिहास परका वाटू नये.

३. वेळेला उभा राहिला त्याचं नाव लोक विसरत नाहीत

स्वस्त, देशी, लहान मोटारीचं स्वप्न संजय गांधींनी १९७१च्या मारुतीत पाहिलं, पण ते कारखान्यातून रस्त्यावर आलं नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग ही नवी कंपनी स्थापली. तिचे अधिकारी व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांनी परदेशी भागीदार शोधायला सुरुवात केली. मोठमोठ्या कंपन्यांना भारताचा बाजार तेव्हा फार लहान वाटत होता. सुझुकीनेही भारतीय मंडळींना आधी परत पाठवलं होतं. मग कंपनीच्या एका संचालकाच्या वाचनात आलं की प्रतिस्पर्धी दायहात्सुशी बोलणी चालली आहेत. सुझुकीचे प्रमुख ओसामू सुझुकी यांनी घाईने निरोप धाडला आणि कंपनीची वर्षभराची कमाई पणाला लावून ते या धंद्यात उतरले. करार २ ऑक्टोबर १९८२ रोजी झाला. सुझुकीचा वाटा तेव्हा २६ टक्के होता.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. तोवर देशात ॲम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी यांचंच राज्य होतं आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. हरपाल सिंगांनी २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती गाडी विकली नाही. नंतर कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. गाडीबद्दल मालकाचं मत काय, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

ओसामू सुझुकींची काटकसर जगजाहीर होती. वातानुकूलनाचा खर्च वाचावा म्हणून त्यांनी कारखान्यांची छतं खाली घ्यायला लावली, म्हातारपणीही विमानाच्या साध्या वर्गातून प्रवास केला. मारुतीच्या गुडगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगार एकच गणवेश घालत, एकाच कँटीनमध्ये जेवत. त्याच घराण्याच्या इतिहासात जुलै २०१२ मधला मानेसर कारखान्यातला हिंसाचारही आहे. त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि कामगारांच्या असंतोषाचा प्रश्न देशासमोर आला. घराणं बघायचं तर दोन्ही पानं वाचावीत. ओसामू डिसेंबर २०२४ मध्ये वारले आणि भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आज सुझुकीच्या जगभरातल्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात खपतात. बाकीचे थांबले होते तेव्हा जो आला, त्याचं नाव इथल्या माणसाने लक्षात ठेवलं.

४. काळ्या मातीचं ऐका

आपली जमीन कापसाला सोनं आहे आणि चाकांना वैरी. रोहिणीचा एक दमदार पाऊस पडला की पांदणीची काळी माती टायरला धरते, वर चढते आणि मडगार्डच्या आत घट्ट बसते. थोड्या वेळाने चाक फिरेनासं होतं. ८००ची चाकं बारा इंची, त्यामुळे ती लवकर रुतायची. पण गाडीचं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. आखाड्यावरचे चार गडी आले की उचलल्यासारखी बाहेर काढायचे. आजच्या जड गाड्यांना ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

यातून शिकलेलं सांगते. पावसाळ्यात सेडान गाडी डांबरीवर सोडा आणि पुढे पायी जा. चिखलात शिरावंच लागलं तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चालवा. मध्येच थांबू नका, ॲक्सिलरेटर एकदम दाबू नका. चाक जागेवर फिरायला लागलं की तिथेच थांबा, नाहीतर गाडी आणखी खोल जाते. घरी आल्यावर तो चिखल ओला असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने काढा. वाळला की दगड होतो, चाकाचं बॅलन्स बिघडतं, ब्रेकमध्ये खर शिरते आणि खालचा पत्रा गंजायला सुरुवात होते. पाण्याची टंचाई असली तरी या कामाला दोन बादल्या बाजूला ठेवाव्यात. पत्रा गंजल्यावर येणारं बिल त्याहून महाग पडतं.

५. मे महिन्यात रेडिएटर, कापसाच्या दिवसांत फिल्टर

परभणीचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पारा ४३-४४च्या वर गेला की गाडीची नड पहिल्यांदा रेडिएटरमध्ये दिसते. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. आमचे गॅरेजवाले चाचा पहिल्या उन्हाळ्यातच म्हणाले होते, "बाई, बोअरचं पाणी इंजिनात टाकू नका. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो ना, तोच आत बसतो." त्यांनी एका जुन्या रेडिएटरच्या नळ्या कापून दाखवल्या. आतून निम्म्या बुजलेल्या होत्या. तेव्हापासून कूलंट कंपनीने सांगितलेलंच आणि ठरल्या मुदतीत बदलायचं, हा घरचा नियम आहे.

गाडी तापते म्हणून काही जण थर्मोस्टॅट व्हॉल्वच काढून टाकतात. उन्हाळा निघून जातो, पण थंडीत इंजिनाला हवी तेवढी ऊब येत नाही आणि पेट्रोल जास्त खातं. व्हॉल्व बिघडला असेल तर नवा बसवा. त्याची किंमत इंजिनाच्या मानाने काहीच नाही.

दसरा झाला, वेचणी सुरू झाली की दुसरा त्रास. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-टेम्पोच्या मागून गाडी चालवली किंवा जिनिंगच्या आवारात उभी केली की बारीक तंतू आणि धूळ एअर फिल्टरवर बसतात. फिल्टर काढून उन्हात धरला तर करडी, मऊ साय जमल्यासारखी दिसते. एसीच्या पुढच्या जाळीतही तेच. या दिवसांत फिल्टर ठरल्या वेळेच्या आधी उघडून बघावा, जोरदार हवेने आतून बाहेर झटकावा आणि फार भरला असेल तर नवा टाकावा. ॲव्हरेज पडलं म्हणून इंजिन उघडायला निघालेले कितीतरी जण एवढ्यावरच सुटतात.

६. ॲव्हरेजचा हिशेब टाकी ते टाकी

मराठवाड्यात गाडीबद्दलचा पहिला प्रश्न "किती देते?" हाच असतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा अंदाजाने दिलं जातं. हिशेब करायचा तर टाकी फुल्ल भरा, मीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. आमच्या घरी गाडीच्या कप्प्यात वही असते. तिच्यात इंधन, सर्व्हिसिंग, टायर, विमा सगळं लिहिलं जातं. वर्षाच्या शेवटी बेरीज केली की कळतं, खर्च फक्त पेट्रोलचा नसतो.

या वहीमुळेच डिझेलचा मोह आवरता आला. स्विफ्ट आणि डिझायरमधलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. टॅक्सीवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि योग्यच केलं, कारण त्यांचं चालणं रोजचं होतं. ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा बाजारापुरती निघते त्याला डिझेलची जास्तीची किंमत वसूल होत नाही. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा कंपनीने डिझेल बंदच केलं आणि आता तोच प्रश्न सीएनजीबद्दल विचारला जातो. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का, डिकीत सिलिंडर आल्यावर पोत्याला जागा उरते का, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यायची आपली तयारी आहे का.

७. मालकाचं मत ऐका, पण त्याचा रस्ताही विचारा

गाडीबद्दल मतं भरपूर मिळतात. मी ती ऐकताना माणूस रोज कुठून कुठे जातो हे आधी विचारते.

गावोगावच्या रुग्णांकडे जाणारे आमचे डॉक्टर म्हणतात, रात्री कधीही स्टार्ट होते, बाकी मला काही नको. डिझायर टॅक्सीत चालवणारा म्हणतो, पार्ट स्वस्त, ॲव्हरेज चोख, विकायला काढली तर चहा संपायच्या आत गिऱ्हाईक. ईको घेतलेला भाजीवाला मागच्या सीट काढून पहाटे माल नेतो आणि सुट्टीच्या दिवशी सीट लावून घरच्यांना देवाला नेतो. आडतीवरचे शेठ मात्र नाक मुरडतात. पत्रा पातळ, दार लावलं की आवाज डब्यासारखा, कल्याण-निर्मल महामार्गावर वेग वाढला की गाडी हलकी वाटते. कॉलेजातल्या पोरांना स्क्रीन हवी, सनरूफ हवं. ही सगळी मतं खरी आहेत. डॉक्टरांचा रस्ता वेगळा आणि शेठचा वेगळा, एवढंच.

ज्यांना माणसं खूप आणि अंतर लांब, ते इनोव्हाकडे बघतात. टोयोटाची क्वालिस २००० साली आली, २००५ मध्ये इनोव्हा आली आणि पुढाऱ्यांच्या ताफ्यापासून तिरुपतीच्या यात्रेपर्यंत तिने नाव काढलं. टोयोटाचं घराणंही मागांचंच. साकिची तोयोदांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले आणि त्यांच्या मुलाने, किइचिरोंनी, मोटारीचा मार्ग धरला. आता ही दोन्ही घराणी एकमेकांच्या गाड्या विकतात. २०१९ पासून सुझुकीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा नावाने मिळते. म्हणून दोन शोरूममध्ये दोन वेगळी मतं ऐकली तर आतली गाडी एकच नाही ना, हेही बघून घ्या.

८. किल्ली घरातल्या बाईच्या हातात द्या

माझ्या शाळेचं गाव एसटीच्या वेळापत्रकात दिवसाला मोजक्या फेऱ्यांचं. काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नसे आणि परतीच्या वेळी अंधार व्हायचा. सासऱ्यांनी ८००ची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सूनबाई, शिक. मी बाजूला बसतो." सेलूच्या मोकळ्या मैदानावर मी शिकले. लहान गाडी, हलकं स्टिअरिंग, चारही कोपरे सीटवरून दिसणारे. शिकायला याहून चांगली गाडी नव्हती.

नंतर शेजारच्या गावांमधल्या शिक्षिका, नर्स, अंगणवाडी पर्यवेक्षिका माझ्यासोबत येऊ लागल्या. पेट्रोल वाटून घेतलं जाई. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःची जुनी अल्टो घेतली. घरात बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर पुरुष माणसाची वाट बघत बसावं लागत नाही, हे गावाने पाहिलं. गाडी घेतली आणि ती एकाच माणसाला चालवता येते, तर निम्मा पैसा वाया गेला असं मी मानते. घरातल्या सुनेला, लेकीला शिकवा. लायसन्स काढा, स्टेपनी बदलायला आणि ऑइल बघायलाही शिकवा.

९. जुनी गाडी घ्या, पण कागदांसकट

एप्रिल २०१० पासून मुंबई-पुण्यासह १३ शहरांत नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि ८०० तिथे विकली जाईनाशी झाली. आपल्यासारख्या जिल्ह्यांत ती जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मिळत राहिली. देशात २५ लाखांहून अधिक ८०० विकल्या गेल्या. त्यामुळे जुन्या मारुतीचा बाजार आजही जिवंत आहे आणि कितीतरी घरांची पहिली गाडी तिथूनच येते. दुष्काळाच्या सालांत, नवी गाडी कुणी मनातही आणत नसे तेव्हा, हाच बाजार चालू होता.

दलालाच्या शब्दावर जाऊ नका. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा उतरला का, विमा चालू आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे ऑनलाइन दिसतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण करही भरावा लागतो. तो खर्च किमतीतच धरा. गाडी आरटीओत स्वतःच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने जुनी गाडी विकली, घेणाऱ्याने नावावर केली नाही, आणि पुढे अपघाताची नोटीस या शेतकऱ्याच्या दारात आली. विकणाऱ्यानेही नावबदल झाल्याची खात्री करून घ्यावी.

मिस्त्रीला सोबत न्या, सकाळी थंड इंजिन चालू करून बघा, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते पाहा आणि पायाखालची मॅट उचलून पत्रा चाचपा.

१०. जिवावर काटकसर नको

आता ज्या बोलासाठी बाकीचे नऊ लिहिले तो सांगते. सुझुकीचं मोठेपण काटकसरीत आहे आणि तिच्या गाड्यांवरची सर्वांत गंभीर तक्रारही तिथूनच येते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या, एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० आणि स्विफ्टची धडक-चाचणी घेतली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत दोन्हींना शून्य तारे मिळाले. तेव्हा इतरही कंपन्यांच्या छोट्या गाड्या अशाच नापास होत होत्या. पण सर्वांत जास्त घरांत मारुती होती, म्हणून तिची जबाबदारीही सर्वांत मोठी होती. एअरबॅग महागड्या मॉडेलमध्ये मिळत होत्या, स्वस्तात नव्हत्या. आपणही त्या मागितल्या नाहीत. त्या पैशांत सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम बसवून घेतली.

मग नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून एबीएस, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, २०२२च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला त्याच ग्लोबल एनकॅपने प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे दिले. दहा वर्षांत शून्यावरून पाचावर येता येतं, याचा अर्थ मजबूत छोटी गाडी बनवणं शक्य होतं. कायद्याने भाग पाडलं, चाचण्यांनी उघडं पाडलं आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, तेव्हा ते झालं. आमच्या मुलाने डिझायर घेताना रंगाच्या आधी तारे विचारले. विक्रेत्याने दोन वेळा ॲक्सेसरीजचं पान पुढे केलं, दोन्ही वेळा पोराने ते मागे सारलं. मला त्याचा अभिमान वाटला.

तारे मिळाले तरी काम संपत नाही. पाच जणांच्या गाडीत लग्नाला आठ जण कोंबले की चाचणीचे तारे लागू पडत नाहीत. लहान मूल पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं सर्वांत धोक्याचं, कारण धडकेत एअरबॅग त्या मुलाच्या अंगावरच उघडते. मागच्या सीटचा बेल्ट आपल्याकडे कव्हरखाली दाबून टाकलेला असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागच्या बेल्टची चर्चा देशभर झाली आणि काही आठवड्यांत विरली. कायद्याने तो बांधणं सक्तीचं आहे. आमच्या गाडीत मागच्यांचा बेल्ट लागल्याशिवाय किल्ली फिरत नाही, मग आत पाहुणे असोत की व्याही.

ऊसतोडीच्या हंगामात गंगाखेड-सोनपेठकडच्या रस्त्यांवर रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. कापसाच्या दिवसांत भरलेली गाडी अर्धा रस्ता व्यापते. अशा रस्त्यांवर रात्री वेग कमी ठेवणं, काच आणि हेडलाइट स्वच्छ ठेवणं, गुळगुळीत टायर वेळेवर बदलणं यांना पर्याय नाही. टायरचे पैसे पुढच्या कापसावर ढकलू नका.

नवी गाडी घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं असं आहे. मॉडेल छोटं घ्या, इंजिन लहान घ्या, रंग मिळेल तो घ्या, म्युझिक सिस्टिम साधी चालेल. जुनी घेत असाल तर एअरबॅग आणि एबीएस असलेलं मॉडेल शोधा, आणखी एक हंगाम थांबावं लागलं तरी थांबा. कापूसवाल्याच्या घरातून निघालेल्या या कंपनीने आपल्याला कमी पैशांत गाडी दिली, तालुक्यातल्या पोरांना धंदा दिला, बायकांच्या हातात किल्ली दिली. तिचे उपकार मानावेत आणि तिच्याकडे हक्काने मागावंही. स्वस्त गाडीत बसणाऱ्या माणसाचा जीव स्वस्त नाही, हे प्रत्येक गिऱ्हाईकाने शोरूममध्ये उभं राहून स्पष्ट म्हटलं पाहिजे.